चार नंबरचं नाणं

नंबरसाहेबांच्या घरात बायको सोडून प्रत्येक वस्तूवर नंबर होता. तिच्यावर नव्हता, कारण तिने तो घालू दिला नाही, असं ते स्वतःच सांगत आणि ऐकणारा हसायच्या आधी स्वतःच हसत. स्टुलावर नंबर, बादलीवर नंबर, छत्रीच्या दांड्यावर नंबर. उभा जन्म त्यांनी यंत्रांच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं. तिथला प्रत्येक पाना, प्रत्येक कानस त्यांच्या हाताखालून नंबर घेऊनच बाहेर पडे. निवृत्तीच्या दिवशी कामगारांनी त्यांना धातूवर कोरायचं विजेचं पेन भेट दिलं. "साहेब, आता घरी बसून चमचे कोरा," असं कोणीतरी गमतीने म्हणालं. साहेबांनी ते मनावर घेतलं.

चमचे संपल्यावर मात्र दिवस खायला उठले. मग त्यांनी मोबाइलवर बघून बघून एकेक विद्या शिकायला घेतली. नळदुरुस्ती शिकले, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक गाद्या वाळत घालत वर आले होते. घड्याळदुरुस्ती शिकले, तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ फक्त शोभेला होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचा आपल्याला नाद आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही सुटत नव्हता, हेच दुखणं होतं.

अशा माणसाकडे त्यांच्या ताईने पाच सोन्याची नाणी विकायला दिली.

ताई म्हणजे थोरली बहीण. ती एकटीच तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि ताईच्या गुडघ्यांना आता जिना नको होता. एकदा खाली उतरली की वर जायच्या विचारानेच तिला धाप लागे, म्हणून अलीकडे ती उतरतच नसे. त्यातच तळमजल्यावरची एक खोली रिकामी होणार असं कळलं. दाराला एकही पायरी नाही, आणि खिडकीतून येणारे-जाणारे दिसतील अशी. मालकाला अनामत रक्कम मात्र महिनाअखेरीच्या आत आणि एकरकमी हवी होती, नाहीतर दुसरा भाडेकरू तयारच होता. ताईकडे रोख नव्हती. आईने तिला दिलेली नाणी तेवढी होती.

मलमाच्या जुन्या डबीत कापूस, आणि कापसात पाच नाणी. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज.

"तुझा जावई विकून देतो म्हणत होता ना?" नंबरसाहेबांनी विचारलं.

"म्हणत होता. एका फोनमध्ये काम होईल म्हणाला. पण मी म्हटलं, नको. माझा भाऊ बघेल."

जावयाला हे कळलं तेव्हा त्याने म्हणे दोनदा विचारून खात्री करून घेतली. साहेबांच्या बायकोने तर सरळ विचारलं, "ताईंना ताप वगैरे आहे का?"

साहेबांची छाती मात्र दोन बोटं फुगली. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. आता चूक म्हणून करायची नाही, सगळं शिकून घ्यायचं आणि मगच पाऊल टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याप्रमाणे ते मोबाइल घेऊन बसले.

आधी नाणी खरी आहेत का ते पाहायचं होतं. लोहचुंबक लावला. नाणं चिकटलं नाही, साहेब खूश झाले. मग सहज म्हणून दाराच्या पितळी कडीला लावून पाहिला. तिथेही चिकटला नाही, आणि खुशी उतरली. मग पाण्यात वजन करायची युक्ती आली. बायकोचा स्वयंपाकघरातला काटा, पेलाभर पाणी, दोऱ्याला टांगलेलं नाणं आणि पाठकोऱ्या कागदावर गणित. त्या गणितानुसार आईची नाणी बटाट्यापेक्षा हलकी निघाली. दोन तास डोकं धरून बसल्यावर पेल्याचं वजन वजा करायचं राहिलंय हे बायकोने भाजी चिरता चिरता सांगितलं. शेवटी त्यांनी जुना उपाय केला आणि नाणं दाताखाली धरून चावलं. दातावरची टोपी निसटून हातात आली.

"सोनं खरं आहे," ते बोळक्या आवाजात म्हणाले. "दात खोटा निघाला."

त्यानंतर भिंग आणलं. प्रत्येक नाण्याचं साल पाहिलं. जहाजाच्या खाली टाकसाळीचं एक बारीक अक्षर असतं आणि त्यावरून किंमत बदलते, हेही ते शिकले. शिकले म्हणजे काय, ऐकलं. अक्षर बघायला लागले तेव्हा ते कधी त्रिकोण दिसे, कधी मुंगी. पण एक नियम त्यांनी काळजावर कोरून घेतला, कारण प्रत्येक जाणकार तो पहिल्यांदा सांगत होता. जुनं नाणं कधीही धुवायचं नाही, घासायचं नाही, पुसायचंही नाही. वरचा काळपटपणा गेला की किंमत गेली.

बायको साबणाचं पाणी घेऊन आली, तेव्हा साहेब डबीवर आडवे झाले. "एक थेंब पडला तर ताईची खोली गेली!" मग त्यांनी तिला या विषयावर व्याख्यान दिलं. ती साबणाचं पाणी घेऊन परत गेली, आणि नवशिके जी चूक करतात ती आपण टाळली या आनंदात साहेबांनी एक वाटी जास्तीची भाजी खाल्ली.

आता बाजारात जायचं. आणि इथेच जित्याची खोड आडवी आली. समजा, दुकानदाराने नाणी तपासायला म्हणून आत नेली. समजा, आतून दुसरीच आणून दिली. कशावरून ओळखणार? सगळ्यांवर तोच राजा, तीच दाढी. आयुष्यभर त्यांनी कामगारांना एकच मंत्र दिला होता, नंबर घातला की वस्तू हरवत नाही आणि बदलत नाही. राजाच्या मानेखाली थोडी मोकळी जागाही होती. टाकसाळवाल्यांनी ती जणू त्यांच्यासाठीच सोडली होती. साहेबांनी विजेचं पेन लावलं, चष्मा पुसला, आणि पाचही नाण्यांवर एक ते पाच आकडे कोरले. बारीक, सुबक, एका रेषेत. हात इतका स्थिर राहिला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

नाणी धुऊ नका, घासू नका, पुसू नका, हे सगळ्या जाणकारांनी घसा फोडून सांगितलं होतं. त्यांच्यावर नंबर कोरू नका, असं एकानेही सांगितलं नव्हतं. असं करणारा माणूस पृथ्वीवर असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

पहिल्या दुकानातल्या सराफाने नाणी काट्यावर टाकली, थोडी घट धरली आणि सोन्याच्या भावाने आकडा सांगितला. पाचांचे मिळून अनामत रकमेच्या निम्म्याहून थोडे जास्त होत होते. साहेब तुच्छतेने हसले. "ही सोन्यासाठी नाहीत. ही अभ्यासाची नाणी आहेत," असं म्हणून त्यांनी डबी खिशात घातली. सराफाने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

दुसरं दुकान फक्त जुन्या नाण्यांचं होतं. बोळकांडीसारखं अरुंद, समोर टेबल, टेबलावर हिरवं मखमली कापड आणि खाली वाकलेला दिवा. दुकानाच्या मालकीण नाणेवाल्या बाई तोंडात लवंग धरून बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर होता, भिंग डोळ्याला.

"कोणी घासलीबिसली नाहीत ना?" त्यांनी आधीच विचारलं.

"छे! साबणसुद्धा जवळ येऊ दिला नाही."

"शहाणे आहात. नाहीतर लोक चकचकीत करून आणतात आणि मग रडतात."

शहाणे! साहेब खुर्चीत ताठ बसले. बाईंनी नाणी जहाजाची बाजू वर करून कापडावर मांडली. पहिलं कडेने धरून पाहिलं, ठेवलं. दुसरं, तिसरं. चौथ्यावर त्यांची लवंग चावायची थांबली. त्यांनी दिवा जवळ ओढला.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"आईचं. का?"

"जहाजाखालचं अक्षर पाहिलंत? ही टाकसाळ त्या साली जेमतेम चालली आणि बंद पडली. फार थोडी निघाली हो ही. आणि वापरलेलंही नाही. किती वर्षांनी बघतेय मी!" बाईंचा चेहरा खुलला होता. त्यांनी नाणं हलकेच उलटं केलं.

मग त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"हा चार कोणी घातला?"

"मी," साहेब म्हणाले. आवाजात अभिमान होता, तो बाहेर पडल्यावर त्यांना ऐकू आला. "म्हणजे... बदलू नये म्हणून. सगळ्यांवर आहेत. पाहा ना, एका रेषेत आहेत."

बाईंनी उरलेली चारही उलटी करून पाहिली आणि भिंग खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना दुःख झालं होतं.

"काका, सोनं सराफ घेतो. आम्ही वरची कातडी घेतो. कातडीच फाडली तर आम्ही काय घ्यायचं? आता हे सोन्याच्या भावातच जाणार."

"आणि नंबर नसता तर?"

"कशाला विचारता?"

"सांगा."

"बाकीच्या चारांचे मिळून जेवढे येतील, तेवढे या एकट्याचे आले असते. एका बाजूला चार आणि एका बाजूला हे."

साहेबांनी मनातल्या मनात बेरीज केली. या वेळी पेल्याचं वजन वजा करायचं नव्हतं, त्यामुळे बेरीज पहिल्यांदाच बरोबर आली. अनामत रक्कम अगदी काठोकाठ भरत होती.

"घासून काढला तर? मी अगदी हलक्या हाताने..."

"काका," बाई हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही आता काहीही करू नका."

परतीच्या वाटेवर ते स्वतःशीच बोलत चालले. वा साहेब, वा! चोराने नेलं असतं तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या. दुकानदाराने बदललं असतं तर जावयाला सांगता आलं असतं, बघ, मी म्हणत नव्हतो? पण इथे चोरही आपण आणि पहारेकरीही आपणच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हातही कसा, जराही न थरथरलेला. आकडे निदान वाकडेतिकडे आले असते, तरी म्हातारपणावर ढकलता आलं असतं.

मग त्यांनी ठरवलं, ताईला सांगायचंच नाही. समुद्र बघायला जायचं म्हणून त्यांनी आणि बायकोने बरीच वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. ते गुपचूप यात घालायचे आणि नाणी चांगल्या भावाने गेली म्हणून सांगायचं. हवं तर थोडं कौतुकही करून घ्यायचं. चांगला बेत होता. तो घेऊन ते ताईच्या इमारतीत शिरले आणि जिना चढू लागले. एरवी ताईला भेटायचं तर ते बहुतेकदा खालूनच हाक मारत आणि ती खिडकीत येई. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना कठडा धरून उभं राहावं लागलं. छातीचा भाता झाला होता. आपली ही गत, तर ताई इतकी वर्षं भाजीची पिशवी घेऊन कशी चढली असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ताईने दार उघडलं तेव्हा ती हसत होती. "ये, ये! बघ, मी सुरुवात केली."

खोलीच्या मधोमध पुठ्ठ्याची खोकी होती. तीन बांधून झाली होती, चौथं अर्धं भरलेलं होतं. बांधलेल्या खोक्यांवर ताईने जाड पेनाने मोठे मोठे आकडे घातले होते. एक. दोन. तीन.

"तुझं ऐकून घातले हो," ती म्हणाली. "नंबर घातला की हरवत नाही, असं म्हणतोस ना तू? चौथं भरलं की त्यावरही घालते."

साहेब मटकन खाली बसले. खोटं बोलायची सगळी तयारी त्या तीन आकड्यांनी घालवली. त्यांनी डबी तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. दाताची टोपीसुद्धा सांगितली.

ताईने चौथं नाणं उचलून खिडकीशी नेलं. कोरलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"आईने ही कधी उघड्या हातावरसुद्धा ठेवली नाहीत," ती म्हणाली. "पदरात धरून दाखवायची. आणि तू त्यावर यंत्र चालवलंस?"

"हो."

"का रे?"

"कोणी बदलील म्हणून."

"कोणी बदलली नाहीत. घरच्यानेच वाट लावली." तिचा आवाज चढला. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? एवढे केस पिकवलेस ते कशाने? मला गाढवाला तरी काय दुर्बुद्धी झाली! जावई एका फोनमध्ये विकून देत होता!"

"तेच तर मला कळत नाही," साहेब खाली मान घालून म्हणाले. "तू मला का दिलीस?"

ताई खुर्चीत बसली. गुडघे चोळत राहिली. मग हळू म्हणाली, "तुला कोणी काही काम देत नव्हतं म्हणून. तुझी बायको सांगत होती, दिवसभर चमचे कोरत बसतात आणि कोरून झालेले परत मोजतात. म्हटलं, थोडं कमीजास्त होईल भावात, होऊ दे. माणूस बाजारात जाईल, चार लोकांशी बोलेल. थोडं नुकसान मी धरूनच चालले होते." तिने नाण्याकडे पाहिलं. "एवढं धरलं नव्हतं."

साहेबांना रडू आलं. ते आलंय हे त्यांनी लपवलंही नाही. नाक पुसून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, उरलेले पैसे मी घालतो."

"मला दान नको. उसनं तर मुळीच नको. या वयात भावाची देणेकरी होऊन मी कुठे तोंड दाखवू?"

"दान नाही, उसनं नाही. चार नंबर मला विक."

"काय?"

"नंबर घातलेलं नाणं जगात कोणी घेणार नाही. मी घेतो. नंबर नसता तर जो भाव आला असता, त्या भावाने. घेणारा मी, विकणारी तू. रोख."

ताईने डोळे बारीक केले. नाणं पुन्हा उजेडात धरलं, उलटसुलट केलं. तिच्या चेहऱ्यावर आता मुरलेल्या सराफाचा हिशेबी भाव होता.

"या टाकसाळीची नाणी थोडी आहेत म्हणालास ना?"

"फार थोडी."

"आणि त्यात नंबर कोरलेली किती?"

"हे एकच असणार. दुसरा गाढव कुठला असायला?"

"मग हे जास्तच दुर्मिळ झालं की! त्या भावात कसं देऊ? वर हमालीचे घाल. खोकी खाली न्यायला माणसं लावावी लागतील."

"खोकी मी नेतो," साहेब घाईने म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

"मग दिलं," ताई म्हणाली. "पण एक ऐकून ठेव. पैसे कमी घेतले असते, तर तुला वाटलं असतं मी माफ केलं. मी माफ केलेलं नाही. मला खोली हवी आहे, म्हणून विकतेय."

घरी बायकोला सांगणं त्याहून सोपं गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समुद्र कुठे पळून जात नाही. ते पेन मात्र इकडे द्या." उरलेली चार नाणी नाणेवाल्या बाईंनी सोन्याच्या भावात घेतली. बाईंनी त्यांना मुद्दाम घटही धरली नाही, आणि साहेबांच्या पाठीवर उगाचच हात ठेवला. मालकाची रक्कम मुदतीच्या आत पोचली.

सामान हलवायच्या दिवशी साहेब सकाळपासून जिन्यावर होते. दर खेपेला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत, दम घेत, स्वतःला एक शिवी देत आणि पुढे जात. ताई तळमजल्याच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत होती. तिला असं बोलताना त्यांनी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. शेवटचं खोकं आलं, तेव्हा साहेबांनी सवयीने आकडे तपासले. एक, दोन, तीन. पाच, सहा, सात, आठ. चार नव्हतं.

ते पुन्हा वर गेले. रिकाम्या खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला. दारामागे, कट्ट्याखाली, गॅलरीत. खाली आले, पुन्हा आकडे लावले, घाम पुसला आणि पुन्हा वर गेले. उतरले ते थेट ताईपुढे येऊन उभे राहिले.

"ताई, चार नंबरचं खोकं हरवलं गं! मी सगळीकडे पाहिलं."

ताई खिडकीबाहेर बघत होती.

"हरवलं नाही. चार मी घातलाच नाही," ती म्हणाली. "आपल्या घरात तो आकडा फार महाग पडतो." मग तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस आता. इथून माणसं छान दिसतात."